आंघोळ घालताना हाताला लागलं ते

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. पंचमीला त्या माहेरी गेल्या होत्या. भावाचं ८ महिन्यांचं लेकरू पायावर घेऊन न्हाऊ घालताना त्याच्या डाव्या बरगडीखाली काहीतरी कडक हाताला लागलं, "कच्च्या पेरूएवढं". आईला सांगितलं तर आई म्हणाली, "लेकरांचं पोट असंच अस्तंय. खायलंय, खेळायलंय, काय झालंय त्याला?" गावातल्या डॉक्टरांनी गॅसचे थेंब दिले. आता आई पोट चोळणाऱ्या बाईला बोलावून तीन दिवस पोट चोळून घेणार आहे. भावानं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलीय. दसरा झाला की नवरा-बायको लेकराला घेऊन कारखान्यावर जाणार. ताई लिहितात: "मी सासरी नांदणारी, माहेरात माझा शब्द कोण ऐकणार? बोलले आणि काहीच निघालं नाही तर हसं होईल. निघालं तर म्हणतील, हिच्याच काळ्या जिभेनं झालं. एवढ्याशा लेकराला कॅन्सर असतो का? आणि त्या तपासण्यांनीच त्याला काही होणार नाही ना? बोलू का गप्प बसू?"

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर तुम्हाला पाठवलं होतं: पोट चोळू देऊ नका, आणि दोन-तीन दिवसांत सोनोग्राफी करून घ्या. हे सदर लागेपर्यंत थांबण्यासारखं ते काम नव्हतं. आता जरा सविस्तर लिहिते, कारण असं पत्र तुमचं एकटीचं नाही. कधी आजी लिहिते, कधी अंगणवाडीताई, आणि प्रत्येकीचं पत्र याच प्रश्नावर येऊन थांबतं.

आधी तुमच्या हाताबद्दल. दवाखान्यात लेकरू माझ्यापुढं येतं ते रडत, पाय पोटाशी घेऊन, पोट दगडासारखं ताठ करून. त्या पोटावर हात ठेवून मला अर्धंच कळतं. तुमच्या पायावर, कोमट पाण्याखाली तेच लेकरू सैल पडलेलं असतं आणि तुमचा हात बरगडीपासून जांघेपर्यंत सगळीकडं फिरतो. इतकी चांगली तपासणी माझ्या टेबलावर क्वचितच होते. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाठीबद्दल तर पुस्तकांतही लिहिलेलं असतं की ती बहुतेक वेळा पहिल्यांदा घरच्यांनाच लागते, आंघोळ घालताना नाहीतर कपडे बदलताना. त्यामुळं "मी काय डॉक्टर आहे का" हे मनातून काढून टाका. डॉक्टर नाही म्हणूनच तुम्हाला ती लागली.

मी स्वतः एकदा चुकले आहे. एक बाई म्हणाली, "पोट एका बाजूनं वर आल्यावानी वाटतंय." बाहेर रांग होती, लेकरू हसत होतं. मी वरवर हात लावला आणि पोटदुखीचे थेंब लिहून दिले. दीड महिन्यानं ती परत आली तेव्हा हात लावायचीही गरज नव्हती, लांबूनच दिसत होतं. गावातल्या डॉक्टरांवर तुम्ही रागावला आहात, ते मला समजतं. पण थेंब का दिले जातात तेही मला माहीत आहे. अशी गाठ गावच्या डॉक्टरला सगळ्या कारकिर्दीत एखाददुसऱ्यांदा दिसते, आणि रडणारी, पोट फुगलेली लेकरं रोज पंचवीस येतात. म्हणून डॉक्टरांना "पोट बघा" एवढंच म्हणायचं नसतं. "इथं, डाव्या बाजूला, कडक लागतंय, आणि शी झाल्यावरही जात नाही" असं बोट ठेवून सांगायचं. साठलेल्या शीचाही गोळा हाताला लागतो, पण तो बोटानं दबतो आणि पोट साफ झालं की नाहीसा होतो.

आता आईंचं म्हणणं. "खायलंय, खेळायलंय." ताई, हेच वाक्य मला सगळ्यात जास्त भीती घालतं, कारण ते खरं असतं. तान्ह्यांच्या पोटातली गाठ पुष्कळदा दुखत नाही. लेकरू दूध पितं, रांगतं, टाळ्या वाजवतं आणि गाठ आतल्या आत वाढत राहते. वजनसुद्धा फसवतं. माता-बाल कार्डावरची रेघ वर चढलेली दिसते, पण त्या वजनात गाठीचं वजनही असतं, आणि दंड-मांड्या मात्र बारीक होत जातात. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांवरच्या लेकराचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल दाखवते. पोट मोठं आणि दंड बारीक असं दिसलं तर वजनाच्या आकड्यावर समाधान मानू नये.

एवढ्याशा लेकराला कॅन्सर असतो का? असतो, पण तो मोठ्या माणसांसारखा नसतो. त्याचा तंबाखूशी, खाण्यापिण्याशी, फवारणीच्या औषधाशी जोडता येईल असा संबंध बहुतेक वेळा सापडत नाही. बाळ पोटात वाढताना ज्या पेशींनी अवयव घडवायचे असतात, त्यातल्या काही आपलं काम संपल्यावरही वाढत राहतात, त्यांची गाठ होते. वर्षाच्या आतल्या बाळांत मेंदूच्या बाहेरच्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळते ती न्यूरोब्लास्टोमा. ती बहुधा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून किंवा मणक्याच्या कडेच्या मज्जातंतूंतून निघते. मूत्रपिंडाची विल्म्स ट्यूमर तीन-चार वर्षांच्या मुलांत जास्त, पण तान्ह्यांतही होते. यकृताची हेपॅटोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याची रेटिनोब्लास्टोमा, जन्मतःच माकडहाडापाशी दिसणारी टेराटोमा, ही आणखी काही नावं. नावं पाठ करायची नाहीत. सांगितली एवढ्यासाठी की "एवढ्याशा लेकराला नसतो" असं कुणी म्हटलं तर तुम्हाला गप्प बसावं लागू नये. भावजयीनं ग्रहणात भाजी चिरली होती का, हे कुणी काढलं तर तेही तिथंच थांबवा. त्याचा काडीचा संबंध नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: एक तर काहीच नसेल, नाहीतर कॅन्सर. मध्ये पुष्कळ जागा आहे. लघवीची वाट अडून मूत्रपिंड फुगलं तर गाठ लागते, आणि नवजात बाळाच्या पोटातल्या गाठींत हेच कारण सगळ्यात जास्त वेळा सापडतं. पाण्याची पिशवी असते. पानथरी (प्लीहा) वाढलेली असते, ती तर डाव्याच बाजूला, आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ती सहा महिन्यांनंतर जाणवायला लागते. उजव्या बरगडीखाली एका बोटाच्या रुंदीएवढं यकृत लागणं तर तान्ह्यांत साधंच आहे. यातलं काय ते हातानं सांगता येत नाही, तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही. आणि कॅन्सर नसलं तरी यातल्या बऱ्याच गोष्टींना उपचार लागतो. म्हणजे हसं होण्याची जी भीती तुम्हाला वाटते ती अगदी एकाच शक्यतेत खरी ठरेल: सोनोग्राफी स्वच्छ निघाली तर. त्या दिवशी सगळे हसले तर तुम्हीही हसा.

सोनोग्राफीची भीती तर सोडूनच द्या. त्यात किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. भूल लागत नाही, सुई नाही. वहिनींनी लेकराला मांडीवर घेऊन दूध पाजलं तरी चालतं, उलट ते शांत राहतं. अर्ध्या तासात कळतं की गाठ आहे का, पाण्याची आहे की भरीव, आणि कुठल्या अवयवाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' नको, "डावीकडे हाताला गाठ लागते" हे लिहून घ्या. शोधणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत असलं तर तो तिथं थांबून बघतो.

भरीव निघाली तर पुढं काय, तेही सांगते, कारण अंधारातली भीती जास्त मोठी असते. रक्ताच्या तपासण्या होतील. त्यात एएफपी नावाची एक असते, काही गाठींत रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाची. तान्ह्यांत ती जन्मतःच खूप जास्त असते आणि पहिल्या वर्षात हळूहळू उतरते. लॅबच्या कागदावर मात्र मोठ्यांचं माप छापलेलं असतं, म्हणून तो आकडा बाळाच्या वयाशी ताडून बघायचा असतो. नुसता लाल आकडा बघून रडत बसलेले बाप मी पाहिलेत. न्यूरोब्लास्टोमाचा संशय असेल तर लघवी तपासतात, कारण ती गाठ जी रसायनं सोडते ती लघवीत उतरतात. लेकराला चिकटपिशवी लावून लघवी घेतात, दुखत नाही. रक्तदाबही मोजायला सांगा. तान्ह्याचा रक्तदाब कुणी मोजत नाही, लहान पट्टाच नसतो, पण या गाठींत तो वाढलेला असू शकतो.

मग सीटी किंवा एमआरआय. सीटीत किरण असतात, हे खरं. लहान मुलांच्या मापानं एकदा केलेली सीटी कारणासाठी असते. चूक होते ती तालुक्याला एक, जिल्ह्याला दुसरी आणि मुंबईला तिसरी करण्यात. जिथं उपचार होणार तिथं विचारूनच करा, आणि केलीत तर सीडी सांभाळा. भूल द्यायची असेल तर अंगावरचं दूध ४ तास आधी आणि वरचं दूध ६ तास आधी बंद करायला सांगतात. ते पाळलं नाही की त्या दिवशीची पाळी हुकते आणि शंभर किलोमीटर परत यावं लागतं.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे तुमच्या आई नक्की म्हणतील. तुकडा काढल्याशिवाय बहुतेक गाठींचं नाव कळत नाही आणि नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही, त्यामुळं सरसकट हे बोलणं चूक. तरी त्यात एक कण खरा आहे. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमाला सुई लावतच नाहीत. मूत्रपिंडाच्या गाठीत आधी तुकडा काढायचा, आधी औषध द्यायचं की थेट शस्त्रक्रिया, हे लेकराचं वय आणि गाठ बघून ठरतं. म्हणून तालुक्यात कुणी "उघडून बघू" म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. पहिली सुई आणि पहिला छेद मुलांच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्यांच्या हातून व्हायला हवा.

पोट चोळण्याचं तर मी हात जोडूनच सांगते. काही गाठींचं कवच पातळ असतं. जोरानं दाबलं तर आत फुटू शकते, रक्तस्राव होतो, आणि एका जागेची गाठ पोटभर होते. मोठ्या दवाखान्यांत अशा लेकरांच्या खाटेवर "पोट दाबू नये" अशी पाटी लावतात, शिकाऊ डॉक्टरांसाठी सुद्धा. तेव्हा चोळणारी बाई नको, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकानं "कुठं, बघू" म्हणून दाबून बघणंही नको. तुम्हीसुद्धा आता पुन्हा चाचपू नका. डाग द्यायचा विषय निघाला तर तो दारातच थांबवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. घरच्यांचं म्हणणं काय, तर थांबू. थांबणं नेहमीच चूक असतं असं मी म्हणणार नाही. न्यूरोब्लास्टोमाचा एक प्रकार तान्ह्यांत असा आहे की यकृतात आणि कातडीत पसरलेला असूनही काही बाळांत तो आपोआप विरून जातो. डॉक्टर औषध न देता दर काही आठवड्यांनी तपासत राहतात. अगदी लहान बाळांच्या छोट्या गाठीही कधी कधी नुसत्या नजरेखाली ठेवतात. वाचून घरचे म्हणतील, बघा, आपोआप जातं! पण हे बाळ त्या प्रकारातलं आहे की नाही, हे सोनोग्राफी, लघवी, तुकडा आणि त्या पेशींची जनुकीय तपासणी झाल्यावरच कळतं. तसंच दिसणारं दुसरं बाळ असतं, त्याला उद्याच औषध सुरू करावं लागतं. त्यामुळं तपासून थांबायला माझी हरकत नाही. गॅसचे थेंब देत दसऱ्यापर्यंत थांबायला आहे.

आणि कॅन्सर म्हणजे संपलंच, हेही नाही. विल्म्स ट्यूमरची मुलं श्रीमंत देशांत दहातली नऊच्या आसपास वाचतात. तिथं सगळ्या प्रकारचे मिळून मुलांचे ८० टक्क्यांहून जास्त कॅन्सर बरे होतात, आणि गरीब देशांत पुष्कळ ठिकाणी ३० टक्केही नाही. औषधं बरीचशी तीच आहेत. फरक पडतो तो उशिरा ओळखण्यानं, दुसरंच काहीतरी समजून उपचार करण्यानं आणि मध्येच घरी निघून जाण्यानं. सगळ्याच गाठी अशा सोप्या नसतात, तान्ह्यांच्या मेंदूच्या काही गाठी फार अवघड आहेत, ते मी लपवणार नाही.

बोलायचं कसं? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आई आहे, भाऊ आहे, मुकादमसुद्धा आहे. लेकराची माय काय म्हणते ते कुठंच नाही. आधी तिच्याशी बोला, चुलीपाशी, एकटीशी. तिच्याही हाताला ते लागलेलं असण्याची शक्यता मला वाटते. नवी सून, सासू म्हणते काही नाही, मग ती गप्प. तुम्ही विचारलंत तर ती बोलेल. दोघींचा शब्द एक झाला की भाऊ ऐकतो. कॅन्सर हा शब्द वापरू नका, पण खोटंही बोलू नका. "कारखान्यावर कोपीत सहा महिने राहायचंय, तिथं दवाखाना कुठं मिळतोय, जायच्या आधी एकदा पोटाचा फोटो काढून घेऊ" एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. उचलीचं काय, फडात कोण जाणार, हे आज काढूच नका. सोनोग्राफीला अर्धा दिवस लागतो, सीझनला अजून दोन महिने आहेत. रिपोर्ट हातात आल्यावर भाऊ स्वतःच त्याचा विचार करेल. लेकराच्या आजीला हरवायचंही नाही. तिला सोबत न्या, बाळ तिच्याच मांडीवर द्या.

काळ्या जिभेचं म्हणाल तर गाठ बोलण्याआधीच तिथं होती, म्हणून तर हाताला लागली. तरी कुणी बोललंच तर माझं नाव सांगा, म्हणा त्या सदरातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलं. मला बोल लागला तर चालेल.

जायचं कुठं? अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल. लातूर, नांदेड आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथंही बालरोग विभाग आहेत. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि तिथून पुढं गरज पडली तर मुंबईत परळचं टाटा रुग्णालय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठा. रेशन कार्ड, आधार आणि लेकराच्या जन्माचा दाखला जवळ ठेवा. दाखला काढला नसेल तर उद्याच ग्रामपंचायतीत जा, ऐनवेळी तिथंच अडतं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, तेही विचारा.

बाकी वाचणाऱ्यांनी आपापल्या लेकरांकडं एकदा बघावं. मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकते का? डोळा नव्यानं तिरका झाला का? दोन्ही डोळ्यांभोवती मार न लागता काळंनिळं पडलं, तर मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्यावर का होईना, दवाखान्यात न्या. डोळे सैरभैर नाचतात आणि हातपाय झटके देतात, टाळू फुगलेली राहते आणि डोकं भराभर वाढतं, लघवीत रक्त दिसतं, पाय अचानक लुळा पडतो, माकडहाडापाशी किंवा अंगावर कुठंही न दुखणारी गाठ वाढत जाते, यातलं काहीही 'दात येताना होतं' म्हणून सोडू नये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी लेकराला घरी झोपवून ठेवू नका, आणि शंका असेल तर ती त्या दिवसासाठी राखूनही ठेवू नका.

सोनोग्राफी झाली की रिपोर्टच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठवा, 'निष्कर्ष' लिहिलेलं पान तर नक्कीच. स्वच्छ निघाली तरी हाताला लागतंच असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा करा, दुसऱ्या ठिकाणी. तोवर वहिनींना दूध पाजणं चालू ठेवायला सांगा. आणि आंघोळ कोमट पाण्याचीच घाला. तेल हातापायांना, पाठीला लावा, पोटाला नको.